तासाला अडीच मिलिमीटर

(दृश्य: तळहातावर लांबट तांबडा मणी, अगदी जवळून)

हा मणी उजेडासमोर धरला की आतलं भोक दिसतं. मध्यावर एक बारीक पायरी आहे. दोन टोकांकडून विंधत आणलेली दोन भोकं इथे एकमेकांना मिळाली. सिंधू संस्कृतीतल्या कारागिराने साडेचार हजार वर्षांपूर्वी हे जमवलं, लोखंडाचा तुकडाही हाताशी नसताना. असे मणी इराकमधल्या ऊर शहराच्या राजथडग्यांत निघाले. त्याच भागातल्या अक्कडचा प्राचीन राजा सारगॉन तर आपल्या लेखात अभिमानाने सांगतो, की मेलुहाची गलबतं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे हाच सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

(दृश्य: लोथल, ड्रोनमधून)

हे गुजरातमधलं लोथल, सिंधू संस्कृतीचं एक शहर. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1955 पासून इथे उत्खनन केलं. भाजक्या विटांचं हे कुंड सुमारे 215 मीटर लांब आणि 36 मीटर रुंद आहे. गोदी की तलाव, हा वाद जुना आहे. पण शेजारच्या वखारीत मुद्रा उमटवलेले मातीचे 65 गोळे सापडले, त्यांच्या पाठीवर दोरीचे आणि चटईचे वळ आहेत. गाठोडी बांधून, मोहोर लावून माल जात होता, हे त्या वळांवरूनच कळतं.

(दृश्य: खंबात, राखेत पुरलेली मडकी)

आता गुजरातमधल्याच खंबातला या. इथे अकीकाचे, म्हणजे याच तांबड्या दगडाचे, मणी आजही घडतात, आणि हडप्पाकालीन कामाची बरीचशी उकल इथल्या कारागिरांचे हात पाहूनच झाली.

भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा दगड खाणीतून येतो तेव्हा तांबडा नसतो, मळकट पिवळा-राखाडी असतो. आधी तो महिनोन्महिने उन्हात वाळवायचा. मग मडक्यात घालून मंद विस्तवात भाजायचा. आच मिळाली की दगडातलं लोह लाल होतं, आणि दगड ठिसूळ होऊन टवके नीट सुटतात. घाई केली, आत ओल राहिली, तर दगड भट्टीतच तडकतो. मणी गडद हवा असेल तर भाजणं पुन्हा पुन्हा.

(दृश्य: जमिनीत रोवलेली अणकुचीदार सळई, शिंगाची हातोडी)

दगड सळईच्या टोकाला टेकवायचा आणि वरून शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. टवका आतल्या बाजूने उडतो. हडप्पाकाळी या सळईच्या जागी बहुधा तांब्याचं टोक असावं. मग घासून आकार द्यायचा, आणि त्यानंतर खरी परीक्षा, विंधणं.

(दृश्य: धनुकली, फिरणारं गिरमिट, थेंब थेंब पाणी)

धनुकलीने गिरमिट फिरतं, वरून पाणी ठिबकत राहतं. पाणी थांबलं तर टोक तापतं आणि मणी चिरतो. नेम जरा चुकला तर दोन भोकं एकमेकांना चुकवून जातात, आणि आठवड्यांची मेहनत वाया.

आज टोकाला हिरा असतो. तेव्हा होता एक हिरवट-तपकिरी, कमालीचा कठीण दगड. सिंधमधलं चान्हुदडो हे हडप्पाकालीन शहर खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्याला अर्नेस्टाइट म्हणतात. प्रयोगांत त्याने तासाला अडीच मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे 12 सेंटिमीटरचा मणी नुसता विंधायला 48 तास. कराचीजवळच्या अल्लाहदिनोला सापडलेल्या कंबरपट्ट्यात असे लांब मणी 36 आहेत!

(दृश्य: झिलईची पोती, नंतर धूळ बसलेली खिडकी)

शेवटी झिलई: कातडी पिशवीत मणी आणि अकीकाची भुकटी घालून दिवसचे दिवस घोळवायचं. याच धुळीने खंबातच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

(दृश्य: धोलावीराचं उत्तर द्वार)

इसवी सनपूर्व 1900 च्या सुमारास पाऊस आटला, नद्या हटल्या, इराकशी व्यापार मंदावला आणि शहरं ओस पडली. लोक मात्र संपले नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या, वस्तीच्या खुणा आहेत.

कच्छमधल्या धोलावीरा या हडप्पाकालीन शहराच्या या दारापाशी दहा चिन्हांची पाटी सापडली, ती अजून वाचता आलेली नाही. कॅमेरे नेहमी तिच्यासमोरच थांबतात. आम्ही थांबतो आहोत याच शहरात शेकड्यांनी मिळालेल्या गिरमिटांपाशी.

(दृश्य: गिरमिटाचं टोक, नखापेक्षा बारीक)

गिरमिटाचा हा दगड खाणीतून असाच यायचा, की भट्टीत भाजून इतका कठीण केला जायचा, हे संशोधक अजून तपासत आहेत. टोकाला मात्र बशीसारखा खळगा आहे, घासून घासून पडलेला.