तेराशे मीटर चाललेलं जहाज

मंडळी, स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलंय आणि मेलारेन तळ्याचं गोडं पाणी तिथं बाल्टिक समुद्राला मिळतं, हे तुम्हाला कुठल्याही माहितीपुस्तकात मिळेल. खिशात नोटा घेऊन गेलात तर बहुतेक तशाच परत आणाल, कारण कॉफीवालासुद्धा कार्ड मागतो. हेही तुम्ही ऐकलं असेल. मला बोलायचंय ते या शहराच्या एका सवयीबद्दल. स्वतःची फजिती हे शहर झाकून ठेवत नाही. तिच्यावर छप्पर बांधतं आणि तिकीट लावतं!

आता तिथलं नगरभवन घ्या. १९२३ साली पुरं झालं. नोबेलची मेजवानी होते तो तिथला ‘निळा दिवाणखाना’. आत शिरलात की सगळीकडे तांबड्या विटा. वास्तुविशारद राग्नार ओस्टबेरी भिंती निळ्या करणार होता, पण विटांचा रंगच त्याला इतका आवडला की तसाच ठेवला. नाव मात्र कुणी बदललं नाही.

पण या सवयीचं खरं दैवत म्हणजे युरगोर्डन बेटावरच्या संग्रहालयातलं वासा जहाज. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह दुसरा अडोल्फ पोलंडशी लढत होता, त्याला धडकी भरवणारं जहाज हवं होतं. तोफांचे दोन मजले, ६४ तोफा, मागच्या बाजूला सिंह आणि देवदेवता, पुढच्या टोकाला रोमन सम्राट, सगळं कोरीव आणि रंगवलेलं. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते बंदरातून निघालं. वारा काही फार नव्हता. एका झुळकेनं कललं, सावरलं, पुन्हा कललं, आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं. जेमतेम १३०० मीटर गेलं असेल. काठावर निरोप द्यायला आलेल्या गावासमोर बुडालं. तीसेक माणसं गेली.

आता गंमत ऐका. खरं तर गंमत म्हणू नये. जहाज वर जड आणि खाली हलकं आहे, हे आधीच कळलं होतं. तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की फ्लेमिंग नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं चाचणी थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही! राजा परमुलखात, त्याला घाई, आणि ‘महाराज, हे तरंगणार नाही’ असं लिहिणार कोण? पुढे चौकशी बसली. कप्तान म्हणाला, तोफा नीट बांधल्या होत्या. बांधणारे म्हणाले, राजानं मंजूर केलेल्या मापांनीच बांधलं. मुख्य कारागीर तर आदल्या वर्षीच वारला होता. शिक्षा कुणालाच झाली नाही. सरकारी चौकशीशी संबंध आलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

बुडालेली जहाजं शोधायचा नाद असलेल्या आंदेर्स फ्रान्सेननं १९५६ मध्ये ते शोधलं आणि १९६१ मध्ये ते वर काढलं. तीनशे तेहेतीस वर्षं लाकूड टिकलं कसं? बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा तिथं जगत नाही. शिवाय शहराचा सगळा मैला त्याच बंदरात जायचा. तळाच्या घाण पाण्यात प्राणवायूच नव्हता, म्हणून कुजवणारे जंतूही फिरकले नाहीत. आज त्याच शहराच्या मधोमध लोक उन्हाळ्यात खुशाल पोहतात.

मला तिथं उभं राहून आपली ‘विक्रांत’ आठवली. एकाहत्तरच्या युद्धात खरोखर कामगिरी केलेली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिलेली. २०१४ मध्ये ती भंगारात गेली आणि तिचं थोडं पोलाद मोटारसायकलींत आलं. पैसा नव्हता, असं सांगितलं गेलं. वासा सांभाळायलाही पैसा लागतोच. लाकूड आकसून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर रसायनाचा फवारा मारला. पुढे कळलं, त्याच घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलंय आणि गंजणाऱ्या लोखंडामुळे त्याचं आम्ल होतंय. मग हजारो खिळे एकेक काढून बिनगंजाचे बसवले. आता जहाज स्वतःच्याच वजनानं वाकतंय, म्हणून खालचा सांगाडा नव्यानं बांधायला घेतलाय. तुम्ही जाल तेव्हा बहुतेक काम चालूच असेल. तरीही जा, आणि आधी सगळ्यात वरच्या मजल्यावर चढा. तिथून खाली पाहिलं की तोफांचे ते दोन मजले किती उंचावर आहेत, ते कुणी न सांगता कळतं.