एका पायावरून नाव

[रात्र. धुकं. दोन बांबूंमध्ये ताणलेली पांढरी चादर, समोर दिवा.]

आंबोलीत पाऊस घटकाभर उघडला की चादर लावायची घाई होते. अर्ध्या तासात तिच्यावर पतंग येऊन बसतात. कुणी शेवाळी, कुणी राखाडी, कुणी वाळल्या पानासारखा. फुलपाखरांना आता मराठी नावं आहेत, नीलवंत तर राज्याचं फुलपाखरू. या चादरीवरच्या बहुतेकांना मात्र हाक मारायला मराठीत शब्दच नाही. नुसत्या पंखांवरून प्रजाती ठरवणं तज्ज्ञालाही पुष्कळदा जमत नाही.

[टेबल. चिमटा, टाचण्या, छोट्या नळ्या.]

नावाचा शोध एका पायापासून सुरू होतो. चिमट्याने पाय अल्कोहोल भरलेल्या नळीत जातो, बाकीचा पतंग टाचणीवर पेटीत. दोघांचा क्रमांक एकच. इथे एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर पुढे वाचलेली डीएनएची सगळी अक्षरं भलत्याच पतंगाच्या नावे लागतात आणि ते कुठल्याही यंत्राला कळत नाही. अल्कोहोलच्या कुपीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, पेनची शाई त्यात धुऊन जाते.

पाय कुटायचा नाही. टिपकागदावर कोरडा करायचा, कारण राहिलेलं अल्कोहोल पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, बिघडवतं. मग 20 मायक्रोलीटर अल्कली द्रावणात 65 अंशांवर 18 मिनिटं, 98 अंशांवर 2 मिनिटं, आणि वरून तेवढाच ट्रिस बफर. डीएनए बाहेर आलेला असतो, पाय जवळपास होता तसाच.

[96 खड्ड्यांची प्लेट. पायपेटची टोकं एका ओळीत.]

वाचायचा आहे एकच तुकडा, सीओआय जनुकातली 658 अक्षरं. प्राणी ओळखायला हा तुकडा वापरावा, हे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 साली मांडलं. हे जनुक माइटोकॉन्ड्रियात असतं आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून एवढासा पाय पुरतो.

95 खड्ड्यांत 95 पतंग. शहाण्णवाव्यात फक्त पाणी. डीएनए पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या जेलवर त्या पाण्याच्या रांगेत पट्टी उमटली, तर कुठेतरी थेंब उडालाय आणि अख्ख्या प्लेटवर विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक खड्ड्यातल्या प्रायमरच्या, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या, जोडीला 13-13 अक्षरांच्या खुणा जोडलेल्या असतात. पुढे सगळे नमुने एकाच नळीत ओतले तरी कोणता तुकडा कुणाचा, हे या खुणाच सांगतात. पीसीआरची 35 आवर्तनं होईपर्यंत यंत्र इन्व्हर्टरवर ठेवायचं. घाटातल्या विजेचा भरवसा नाही.

[नळी चुंबकाला टेकलेली. तपकिरी मणी एका बाजूला गोळा होतात.]

चुंबकी मण्यांना डीएनए चिकटतो, नको ते धुऊन जातं. आधीच्या पायऱ्यांत हे मणी अल्कोहोलने धुतात, आणि त्या सवयीनेच नवशिक्याचा घात होतो. डीएनएला यंत्रात शिरायला मदत करणारा तुकडा, म्हणजे अडॅप्टर, जोडल्यावर अल्कोहोल लावायचंच नाही. अडॅप्टरवर बसलेलं, डीएनएचा धागा यंत्रातून सरकवणारं मोटर प्रथिन त्याने निकामी होतं. किटमध्ये धुण्याचे बफरही दोन येतात. लांब तुकड्यांचा बफर उचलला, तर आपली 658 अक्षरं त्यातच वाहून जातात. छोट्या तुकड्यांचाच घ्यायचा.

[अगदी जवळून: फ्लो सेल, एक बारीक भोक, पायपेटचं टोक.]

हे मिनआयन, डीएनए वाचणारं यंत्र. वजनाला हलकं, जोडणी लॅपटॉपला. ज्यात नमुना घालतात त्या आतल्या फ्लो सेलमध्ये 2048 सूक्ष्म छिद्रं, आणि त्यांचा वैरी म्हणजे हवेचा बुडबुडा. तो छिद्रांवरून सरकला, की त्या वाटेतली छिद्रं कायमची गेली.

म्हणून आधी पायपेट 200 मायक्रोलीटरवर लावून टोक भोकात बसवायचं. मग दाबायचं काहीच नाही. फक्त वरचं चाक फिरवत 220, 230 पर्यंत न्यायचं. टोकात पिवळसर बफर चढताना दिसला की हात थांबवायचा. बुडबुडा निघालेला असतो. नंतर 800 मायक्रोलीटर प्रायमिंग द्रावण, सावकाश. टोकातला शेवटचा थेंब आत ढकलायचा नाही, त्याच्या मागे हवा असते. पाच मिनिटं थांबून मधलं झाकण उघडायचं, पण आणखी 200 पहिल्याच भोकातून. आणि मग 75 मायक्रोलीटर लायब्ररी, म्हणजे अडॅप्टर जोडलेल्या डीएनएचं मिश्रण, मधल्या भोकातून, थेंबाथेंबाने. एक थेंब आत शोषला गेल्यावरच दुसरा.

[पडदा. हिरवे चौकोन एकेक करून उजळतात.]

प्रत्येक फिकट हिरव्या चौकोनात या घडीला एक धागा छिद्रातून सरकतोय. धागा सरकताना विजेचा प्रवाह बदलतो, आणि त्या चढउतारातून अक्षरं उलगडतात. एका वाचनावर भरवसा ठेवायचा नाही. एकाच पतंगाची पन्नासेक वाचनं एकावर एक ठेवली की चुका गळतात. उरते ती एकाच अक्षराच्या लांब रांगेतली चूक, टी सहा की सात? सीओआय जनुक हा एका प्रथिनाचा नकाशा असल्यामुळे तिचीही तपासणी होते: अक्षर कमीजास्त झालं तर तीन-तीन अक्षरांनी वाचायची घडी मोडते.

हाच पाय शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला, की उत्तर कधी येईल ते तिथल्या रांगेवर असतं. इथे चादर आणि पडदा यांत चार पावलं आहेत, आणि पतंग ओळखणारी माणसं दोन्हींच्या मधे उभी आहेत.

[लॅपटॉपवर जुळणीची यादी.]

अक्षरं बोल्ड या डीएनए-अक्षरांच्या जागतिक संग्रहाशी ताडून पाहिली जातात. जुळली तर नाव. नाही जुळली, तर प्रजाती नवी असेलच असं नाही. तिची अक्षरं या संग्रहात आजवर कुणी नोंदवलीच नसतील. अशा वेळी पुन्हा पेटी उघडावी लागते.

[पेटी. टाचणीवरचा पतंग, एक पाय कमी. खाली पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक.]