आंगात यायच्या आधी

मंडळी, प्रायोगिक नाटक बघून बाहेर पडलं की टपरीवर भेटणारा ओळखीचा माणूस पहिलं हेच विचारतो, "समजलं का काही?" गोंधळ बघून पहाटे घरी येणाऱ्याला हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

संभाजीनगरात एकदा एकटीच्या नृत्याचा प्रयोग होता. खुर्च्या बाजूला सारून आम्हाला सतरंजीवर बसवलं होतं. सोबत मावशी. तुळजापूरकडची, नवरात्रात परडी घेऊन आराधी गाणी म्हणणारी. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेली. घरी एकटी कशी ठेवायची म्हणून नेली, एवढंच. नर्तकी आमच्याकडे पाठ करून उभी. संगीत नाही, घुंगरू नाहीत. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग खांद्यांच्या पात्यांमध्ये काहीतरी हललं आणि मणक्यावरून मुंगी उतरावी तसं कमरेपर्यंत गेलं. माझ्या डोक्यात नृत्यरचनाकार चंद्रलेखा फिरत होत्या. १९८५च्या 'अंगिका'त त्यांनी भरतनाट्यमला योग आणि कळरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेशेजारी आणून उभं केलं होतं. हे मावशीला सांगायला मी वाकलो, तर ती म्हणाली, "गप. आंगात यायच्या आधी असंच व्हतंय."

मी गप्प बसलो. तिचं बरोबर होतं, फक्त इथं देवी येत नव्हती. नर्तकीनं तिला उंबऱ्यावरच अडवून धरलं होतं, चाळीस मिनिटं. प्रयोग काय तो तेवढाच.

सगळेच असे नसतात, हेही सांगतो. स्पर्धांमधून मी इतकी गोणपाटं पाहिली आहेत की गोणपाट नेसलेला माणूस दिसला की तो 'मानव' आहे हे मी ओळखतो. मग तो 'मी कोण?' असं तीनदा विचारतो. आपण घड्याळ बघतो.

बंगाली नाटककार बादल सरकारांनी कोलकात्यात १९७०च्या दशकात पडद्याची रंगभूमी सोडली आणि प्रेक्षकांच्या मधोमध नाटक आणलं. त्याला त्यांनी नाव दिलं अंगणमंच. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या वाड्याचा चौक आठवला. दिवटी, संबळ, तुणतुणं, आणि एकच गोंधळी राजाही होतो, राणीही होतो. मधेच साथीदार त्याला अडवतो, "मग पुढं काय झालं?" नाटकातून असं बाहेर यायचं, परत आत शिरायचं, याला आपण कधी प्रायोगिक म्हटलं नाही. आणि गंमत बघा, नियम बांधणारा माणूसही इथलाच. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या सात अध्यायांतला शेवटचा अख्खा नृत्याचा.

तर त्या दिवशी प्रयोगानंतर चर्चा झाली. एका सरांनी विचारलं, "पाठ हे समाजाचं प्रतीक आहे का?" नर्तकी बिचारी शब्द शोधत राहिली. तेवढ्यात मावशीनं हात वर केला. मला घाम फुटला.

"बाई, येवढा येळ एका जागी हुबं ऱ्हायचं म्हंजे पाय न्हाई का दुखत?"

नर्तकी हसली, खाली सतरंजीवर येऊन बसली. "दुखतात की मावशी. मग सुन्न होतात. ते झालं की पाठ हलते."

"हां," मावशी म्हणाली, आणि चपला शोधायला उठली.