मागचे शॉकअप घेण्याआधी

नमस्कार सोलापूरकर मंडळी! आज बोलायचंय ते मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, व्होल्वो असल्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपबद्दल. पुण्या-मुंबईकडनं सेकंडहँड आणलेल्या अशा गाड्या आता आपल्याकडं दिसायलेत, आणि होटगी रोडच्या एखाद्या स्पीडब्रेकरवर मागनं धाडकन आवाज आला की मालक लगेच म्हणतो, शॉकअप गेले, नवीन टाका. थांबा की ओ जरा!

आवाज लिंक रॉडचा असू शकतोय, शॉकअप वर जिथं बसतो त्या माउंटचा असू शकतोय, बुश म्हणजे सांध्यातलं रबर गेलेलं असू शकतोय. गाडी लिफ्टवर घ्या आणि स्वतः खाली जाऊन बघा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ एवढंच असलं तर घाबरायचं नाही, पण तेल ओघळत पार खालच्या बुशापर्यंत आलंय तर सील गेलं. मग टायरवरनं हात फिरवा, उंचवटे-खळगे लागले तर चाक रस्त्याला धरून चालत नव्हतं, उड्या मारत होतं.

आता खरा मुद्दा. एकाच मॉडेलमध्ये शॉकअप वेगवेगळ्या प्रकारचे येतात. काहींना वायर असते, कडकपणा कॉम्प्युटर ठरवतो, तिथं साधा शॉकअप बसवला की डॅशबोर्डवर वॉर्निंग आलीच म्हणून समजा. काहींना एअर सस्पेन्शन असतंय, आणि गाडी रात्रभरात मागनं बसत असेल तर आधी हवेची गळती शोधा, कारण वजन तिथं हवेचा फुगा पेलतो, शॉकअप नुसता हालचाल आवरतो. आणि व्होल्वोच्या काही गाड्यांना मागं निवोमॅट नावाचं वेगळं शॉकअप असतंय, ते मात्र वजनाचा काही भाग स्वतः उचलतंय, म्हणून त्याच्या जागी स्वस्तातला साधा शॉकअप टाकला आणि स्प्रिंग तीच ठेवली तर डिकी भरली की गाडी मागनं बसणार. म्हणून दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, चेसिस नंबर द्या, जुन्या शॉकअपवरचा नंबर धूळ पुसून वाचा, आणि चेसिस नंबरवरनं निघालेला पार्ट नंबर त्याच्याशी जुळला तरच पैसे काढा.

कंपनी कुठली? साक्स, बिल्स्टाइन चांगले, गाडी बनवणाऱ्यांनाच माल देणारे लोक आहेत ते. पण बिल्स्टाइनमध्ये बी ४ म्हणजे मूळ गाडीसारखा, बी ६ जास्त कडक, आणि बी ८ खाली केलेल्या गाडीसाठी आखूड. पोरं इंटरनेटवर वाचून बी ६ मागतात. माझं स्पष्ट मत आहे, मागं आई-वडील बसवून गाणगापूरला जायचंय तर बी ४ घ्या ओ! तेल भरून, गॅस मारून रिपेअर केलेला तर या गाड्यांना नकोच. आणि एकच बाजू गेली असली तरी मागची जोडी बदला, एक ताजा एक थकलेला असला की गाडी वळणावर सरळ वागत नाही.

बसवताना एक गोष्ट डोळ्यानं बघा. खालच्या बुशाचा बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना फायनल टाइट करू देऊ नका. तसा केला की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकावर गाडीचं पूर्ण वजन आलं की मगच पान्याचा शेवटचा वेढा. फिटर म्हणेल काही फरक पडत नाही साहेब, तरी तिथंच उभं राहून करून घ्या.