दौंडला किती?

पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यात सकाळी भेटेल तो विचारतो, "दौंडला किती?" उत्तर क्युसेकमध्ये येतं, म्हणजे नदीतून सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. पुणे जिल्ह्यातल्या धरणांनी सोडलेलं पाणी भीमा नदीतून दौंडवरून उजनी धरणात उतरतं. लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर टिकला, तर साडेआठ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त पाणी आलं. उजनी मायनसमधून प्लसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या वर, कधी येणार, याचा हिशेब मग टपरीवरसुद्धा मांडला जातो.

धरणाच्या खाली गणित अवघड होतं. नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. वीर धरणाचं आणि उजनीचं पाणी एकाच वेळी संगमावर आलं, की पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट दिसेनासं होतं, पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याचा वेढा पडतो. पण पाणी तिथवर यायला काही तास घेतं. तेवढ्यात भोंगा फिरतो, काठची वस्ती हलते, शेतकरी नदीतल्या मोटारी वर काढतात.

वारा इतका वेळ देत नाही.

21 मे 2024. संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून उजनीच्या बॅकवॉटरपलीकडच्या, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यापलीकडच्या, कळाशीला बोट निघाली. पूर नव्हता; धरण तर मायनसमध्ये होतं. मध्येच वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले.

वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीला आपटून चहूकडे पसरते. ती पावसाच्या आधी येते, हाच खरा घात. आभाळ भरलंय, पण थेंब नाही, म्हणून माणूस निघतो. बॅकवॉटरवर वारा अडवायला ना झाड ना टेकाड. लाटा पलीकडच्या काठापर्यंत वाढत जातात.

हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज देतं: जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजा, सोसाट्याचा वारा. आता हे 'तुरळक ठिकाण' कुगावच आहे का, हे धक्क्यावर कोण सांगणार? दौंडचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. हा अंदाज मोबाइलवर येतो आणि खाली सरकतो. तो वाचून बोट थांबवायचा अधिकार असलेला एक माणूस आणि एक लाल बावटा, एवढं तरी प्रत्येक धक्क्यावर हवं. त्याला रडार लागत नाही.

शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालाय. तो झाला की प्रवासी रस्त्याने जातील. मासेमारांची जाळी मात्र पाण्यातच राहणार, आणि वळीव बहुधा दुपारनंतरच येतो.