दुधाची पिशवी आणि जळकं ऑइल

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर, सकाळ. अर्धं शटर वर, आत एक मोटारसायकल डबल स्टँडवर.)

मंगळवार पेठेत आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावर ताटाएवढा काळा डाग. मी पहिल्यांदा घरी ऑइल फिल्टर बदलला त्या दिवसाचा. सोडा झाला, रॉकेल झालं, आईनं नारळाच्या शेंडीनं घासून पाहिलं. शहाबादी ऑइल पिते आणि प्यालेलं परत देत नाही.

त्या दिवशी माझं कुठं चुकलं, ते उद्यमनगरातल्या ह्या गॅरेजात आल्यावर कळलं. इथले मिस्त्री, सगळ्यांचे मामा, गेली कित्येक वर्षं जमिनीवर थेंब न पाडता हे काम करतात. गॅरेजची फरशी सकाळी झाडली तशीच संध्याकाळी असते.

(दृश्य: मामा गाडी चालू करतात, हात इंजिनाजवळ नेऊन अंदाज घेतात.)

गाडी दीडशे सीसीची. आधी दोन-तीन मिनिटं इंजिन चालू. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाला बसलेली घाण त्याच्याबरोबर बाहेर येते. तापलेल्या गाडीवर मात्र मामा हात घालत नाहीत. "वाईच थांब की. कढत ऑइल हातावर आलं की माणूस नट सोडतंय, आन् नट डब्यात." नट शोधायला डब्यात हात, मग तोच हात फडक्याला, टाकीला, सीटला. पसारा सुरू होतो तो इथून.

खाली ठेवलाय शेंगतेलाचा पाच लिटरचा कॅन, आडवा कापलेला. त्याखाली पुठ्ठा. वरचं ऑइल भरायचं झाकण आधी सैल केलं, म्हणजे आत हवा जाते आणि धार गचके न घेता पडते. आता ड्रेन नट, म्हणजे इंजिनाच्या तळाचा, ऑइल सोडायचा नट. शेवटच्या दोन आट्यांना मामा पाना बाजूला ठेवतात. नट बोटानं आत दाबत फिरवतात आणि सुटला की झटक्यात बाजूला घेतात.

(दृश्य: जवळून, काळी धार.)

ही धार नीट बघा. सुरुवातीला ती तिरकी, पुढे फेकल्यासारखी जाते. ऑइल कमी होत जातं तशी मागे सरकते आणि शेवटी सरळ खाली टपकायला लागते. डबा पहिल्या धारेखाली ठेवून माणूस चहाला गेला की शेवटचं ऑइल डब्याच्या काठाबाहेर. माझा निम्मा डाग ह्याच धारेचा. मामा हलत नाहीत. धार सरकते तसा पायानं कॅन सरकवतात.

पण खरा घोळ घालतो तो फिल्टर.

ह्या गाडीला उजव्या बाजूला, क्लच कव्हरवर, छोटं गोल झाकण आहे. तीन बोल्ट, आत कागदी फिल्टर. खालून सगळं ऑइल निथळलं तरी ह्या खोबणीत थोडं अडकून राहतंच. झाकण एकदम ओढलं की ते कव्हरवरून ओघळतं, सायलेन्सरच्या बेंडवर जातं आणि पुढं आठवडाभर गाडी धुराचा वास मारते.

(दृश्य: मामा खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढतात.)

गोकुळची अर्ध्या लिटरची पिशवी. धुतलेली, वाळवलेली, कात्रीनं उभी कापून जिभेसारखी केलेली. मामा तिचं एक टोक झाकणाच्या खालच्या कडेला चिकटवून धरतात, दुसरं कॅनमध्ये सोडतात. बेंड आता हात लावता येईल इतका गार आहे, नाहीतर प्लॅस्टिक तिथंच वितळलं असतं. तिन्ही बोल्ट सैल करायचे, काढायचे नाहीत. झाकण केसभर पुढे येतं. खालच्या फटीतून ऑइल पाझरतं आणि पिशवीच्या पन्हाळीतून गुपचूप कॅनमध्ये उतरतं. मामा काहीच करत नाहीत. एक मिनिट. दोन मिनिटं. मला ही दोन मिनिटं फार आवडतात. सगळी कारागिरी ह्या न करण्यात आहे.

मग बोल्ट, मग झाकण, मग फिल्टर. हातात येतो तेव्हा तो फक्त ओला असतो, गळत नसतो. कागदाच्या घड्यांत चमकणारा बारीक चुरा दिसतो, तो क्लचचा आणि गिअरचा. थोडा असणारच. जाडसर कीस दिसला तर मामा गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतात.

रॉयल एनफिल्डच्या 650 सारख्या गाड्यांना फिल्टर डब्यासारखा असतो, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, आट्यांवर फिरवून बसवलेला. तिथं हीच पिशवी न कापता पूर्ण फिल्टरवर चढवायची आणि पिशवीतच तो फिरवून काढायचा. स्प्लेंडरला कागदी फिल्टरच नाही. तिच्यात गोल फिरणाऱ्या फिल्टरात घाण कडेला जमते आणि शिवाय जाळी असते.

आपल्या दीडशे सीसीच्या गाडीत नवा फिल्टर बसवताना भोकाची बाजू आत. उलटा बसला तर ऑइलची वाट अडते. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नवी, तिला बोटानं नवं ऑइल चोळलेलं. बोल्ट बारीक आणि कव्हर ॲल्युमिनियमचं, त्यामुळे जोर लावला की आटे मेलेच. ड्रेन नटाचं वॉशरही नवं. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी गळती पत्करणं मला तरी पटत नाही.

(दृश्य: पंचगंगा घाट, पाण्यावर ऊन.)

2019 आणि 2021 च्या पुरानंतर अशा गॅरेजांत इंजिनातून निघालेलं ऑइल दुधाळ असायचं, चहासारखं. पाणी मिसळलं की ते असंच होतं. त्या गाड्यांचं ऑइल आणि फिल्टर एकदा बदलून भागत नाही. थोडी चालवून पुन्हा बदलावं लागतं.

आणि अंगणात सांडलेलं ऑइल अंगणातच राहत नाही. पावसात गटारात, गटारातून जयंती नाल्यात, तिथून पंचगंगेत, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला किंवा वाळवीसाठी लाकडाला लावायला अजूनही लोक मागायला येतात. मामा देत नाहीत. नरसाळं लावून कॅनमधलं ऑइल रिकाम्या बाटलीत भरतात, खडूनं 'जळकं' लिहितात आणि मागच्या बॅरलजवळ ठेवतात. जुना फिल्टर रात्रभर कॅनच्या काठावर उपडा, निथळायला.

(दृश्य: नवं ऑइल काचेतून सोनेरी दिसतं.)

साधारण लिटरभर नवं ऑइल, गाडीच्या पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढं. इंजिन मिनिटभर चालू, बंद, थोडं थांबून पातळी पुन्हा बघायची, कारण नव्या फिल्टरनं आपला वाटा प्यालेला असतो.

शेवटी मामा कोरा पुठ्ठा इंजिनाखाली सरकवतात आणि शटर ओढतात.

(दृश्य: दुसरा दिवस, शटर वर. मामा वाकून पुठ्ठा काढतात, उजेडात धरतात, उलटून बघतात. पुठ्ठा कोरा. ते गाडीवाल्याला फोन लावतात.)