यमाताराजभानसलगा आणि कॉम्प्युटरची पदवी

नमस्कार. बारावीनंतर कॉम्प्युटरची कोणती पदवी घ्यावी आणि तिची तयारी कशी करावी, हा आजचा विषय. त्याकडे येतोच, पण आधी फळ्यावर एक शब्द लिहितो. यमाताराजभानसलगा.

मराठीच्या तासाला हा तुम्ही पाठ केलाय. भुजंगप्रयात ओळखताना यगण चार वेळा आला का, हे याच शब्दावरून बघितलंय. आता प्रत्येक अक्षराखाली लघुला ० आणि गुरूला १ लिहू. ०१११०१०००१. दहा अक्षरं झाली. आता सलग तीन-तीन अक्षरं घेत पुढे सरका. यमाता ०११, मातारा १११, ताराज ११०, असं करत शेवटी सलगा ००१. आठ गट निघाले आणि एकही दोनदा आला नाही. चिन्हं दोन आणि जागा तीन, म्हणजे गण आठच होऊ शकतात. ते सगळे या दहा अक्षरांत बसवलेत! कॉम्प्युटरच्या पोटातही हीच दोन चिन्हं आहेत. आठ जागांचा एक बाइट, म्हणून त्याचे २५६ प्रकार. लघु-गुरूंचे सगळे प्रकार क्रमाने मांडायची रीत, म्हणजे प्रस्तार, छंदशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलीय. मराठी माध्यमाच्या मुलांना ‘तुम्हाला कॉम्प्युटर परका’ असं कोणी म्हटलं की मला फार लागतं, ते यामुळे.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जत तालुक्यातली एक मुलगी आली होती. प्रवेशाआधी एका सल्लागाराने पैसे घेऊन तिच्या वडिलांना सांगितलं होतं, ‘मराठी माध्यमाची आहे, कॉम्प्युटर झेपायचं नाही, दुसरी ब्रँच बघा.’ तिने ऐकलं नाही, पण ते वाक्य घेऊनच ती वर्गात बसायची. शेवटचा बाक, मान खाली. बायनरीच्या, म्हणजे ० आणि १ या दोनच चिन्हांत लिहायच्या पद्धतीच्या, तासाला मी आजच्यासारखंच फळ्यावर लिहिलं. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

‘सर, चार-चार अक्षरांचे गण असते तर?’

‘सोळा झाले असते.’

‘ते कळलं. पण त्यांचं असं एका ओळीचं सूत्र बसवता येईल का?’

मला उत्तर माहीत होतं, तरी दिलं नाही. म्हटलं, बसवून बघ.

तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. दोनशे पानी वही होती. ती वही मी पाहिलीय, पानंच्या पानं शून्य आणि एक, आणि बाजूला आलेल्या गटांवर बारीक खुणा. एका पानावर ती ००००११११०११००१००० इथवर आली होती. चौदा गट बसले होते, ०१०१ आणि १०१० हे दोनच राहिले होते, आणि तिथे गाडी अडली. पुढे ० लिहिला तरी जुना गट, १ लिहिला तरी जुनाच. तिने शेवटचा ० खोडून १ लिहून पाहिला. १००१ आधीच आलेला. मग आणखी एक अक्षर मागे गेली, तिथल्या ०च्या जागी १ लिहिला, आणि वाट सुटली: ००००११११०११००१०१०००. एकोणीस अक्षरं, सोळाच्या सोळा गट. अडलं की एक पाऊल मागे जाऊन दुसरी वाट धरायची, या रीतीला आमच्या विषयात बॅकट्रॅकिंग म्हणतात. ती शिकवायला अजून बराच अवकाश होता. तिने ती खोडरबराने शोधली. त्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर.

पालकांनो, मला विचाराल तर हीच परीक्षा. अडलेल्या जागी बसून राहण्यात मुलाला गोडी वाटते का, एवढं बघा. ती गोडी असेल तर बिनधास्त कॉम्प्युटर घेऊ द्या. नुसत्या पॅकेजकडे बघून आलेल्या मुलांना मी दुसऱ्या वर्षाला कोमेजताना पाहिलंय.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तर पदवीचं भराभर सांगतो.

ब्रँचच्या नावावर जाऊ नका. कॉम्प्युटर, आयटी, एआय आणि डेटा सायन्स, नावं पुष्कळ आहेत. चारही वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्यात डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क्स शोधा. हे नीट शिकवलं जात असेल तर पाटीवरच्या नावाने फारसं बिघडत नाही. आणि इंजिनिअरिंगच हवं असंही नाही. पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संख्याशास्त्र जोडीने शिकवत आलेत, ती पायाभरणी उत्तम. बीसीएला २०२४ पासून सीईटी आलीय, तिची तारीख चुकवू नका. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस पदवी जेईईशिवाय, त्यांची पात्रता परीक्षा देऊन करता येते. शिकवणं ऑनलाइन, परीक्षा केंद्रावर जाऊन.

इंजिनिअरिंगच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. अकरावीवरही साधारण २० टक्के प्रश्न असतात, ते वर्ष वाया घालवू नका. प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम मुलाने स्वतः भरावा, कॅफेवाल्यावर सोडू नये. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून मनापासून हवं तेच वर लिहा.

लॅपटॉपची घाई करू नका. प्रवेश होईपर्यंत सी किंवा पायथनमधले लहान प्रोग्रॅम वहीत उतरवा, प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, एक रकाना आखा आणि ओळीगणिक त्याची किंमत बदलत जा. याला ड्राय रन म्हणतात. रोज एक केला तरी दोन महिन्यांत साठ होतात.

फळा पुसत नाही. पाच-पाच अक्षरांचे गण केले तर ३२ होतात आणि सूत्र ३६ अक्षरांचं होतं. ते मी सांगणार नाही. कोणाला जमलं तर वही घेऊन या, रविवारी सकाळी मी याच वाचनालयात असतो.